केना म्हटल्यावर वर्ग हसला

वाचक विचारतात

ताई, सप्रेम नमस्कार.

मी शिरपूर तालुक्यातली. घरी चार एकर कापूस, आई-वडील दोघंही शेतात, भाऊ बारावीला. बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र घेऊन शिरपूरलाच केलं आणि गुण बरे मिळाले म्हणून एम.एस्सी.ला नाशिकला प्रवेश घेतला. आमच्या घराण्यात पदवीच्या पुढे शिकायला गाव सोडलेली मी पहिलीच. येऊन पाच आठवडे झाले.

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरले तेव्हा पाऊस होता. आमच्याकडे पाऊस येतो तो धो-धो येतो आणि निघून जातो. इथे दिवस-दिवस नुसती भुरभुर, कपडे तिसऱ्या दिवशीही दमट. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका घरात आम्ही तिघी राहतो. बाकी दोघी इंजिनिअरिंगच्या, रात्री उशिरापर्यंत हेडफोन लावून असतात. वाईट नाहीत, पण बोलणं होत नाही. डबा येतो, त्यात तिखट म्हणून नसतं. रविवारी वर्गातली मुलं मिसळ खायला जातात. मला दोनदा बोलावलं, मी अभ्यासाचं निमित्त सांगितलं. खरं कारण पैशांचं होतं.

वर्गात आम्ही बावीस जण. निम्मे नाशिकचेच, आधीपासून एकमेकांच्या ओळखीचे. शिकवणं सगळं इंग्रजीत. बी.एस्सी.लाही पुस्तकं इंग्रजीच होती, पण सर मराठीत समजावून द्यायचे. इथे ‘हे तुम्हाला माहीतच आहे’ म्हणून पुढे जातात. सगळे माना हलवतात, मग मीही हलवते.

दुसऱ्या आठवड्यात प्रॅक्टिकलला सरांनी ट्रेमध्ये पावसाळी तणं मांडली होती आणि एकेकाला उठवून विचारत होते. माझ्यासमोर जे आलं ते मी सहावी-सातवीत असल्यापासून निंदत आलेय. मी पटकन म्हणाले, “केना, सर.” सगळा वर्ग हसला. सरही हसले. मागून एक मुलगा म्हणाला, “कॉमेलिना बेंघालेन्सिस.” ताई, मला ते नाव येत होतं. बी.एस्सी.लाच पाठ केलं होतं. पण तोंडात आधी केना आला. त्या दिवसापासून मी वर्गात तोंड उघडलेलं नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझा सेमिनार आहे, वीस मिनिटं, इंग्रजीत. विषय आपणच निवडून द्यायचा आहे. विचार केला तरी पोटात गोळा येतो. आई रोज रात्री फोनवर विचारते, “कशी शे व माय?” मी म्हणते, “बरी शे.” आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडते.

पुढच्या वर्षी धुळ्याला किंवा जळगावला, घराजवळ प्रवेश घ्यावा का? की मी या पातळीचीच नाही?

– एक वाचक, सध्या नाशिक (नाव छापू नये)

*

पोरी, आधी केन्याचं बोलू. तुझ्या पत्रातली सगळ्यात दुखरी जागा तीच आहे.

मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्या अनुभवावर सांगते, त्या दिवशी चूक तुझी नव्हती. झाड समोर येताक्षणी ओळखणं ही या विषयातली पहिली पायरी. ती बऱ्याच जणांना दोन वर्षांतही चढता येत नाही, कारण त्यांनी झाड पाहिलेलं असतं ते पुस्तकाच्या पानावर. शिक्षकाने तिथे “बरोबर, आता शास्त्रीय नाव सांग” एवढंच म्हणायचं असतं. शिक्षक हसला की वर्गाला हसायची परवानगी मिळते. तुझ्या सरांच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही, पण ते वाक्य त्यांनी म्हणायला हवं होतं.

आता त्या दुसऱ्या नावाची गोष्ट ऐक. कॉमेलिना हे नाव आलं ते हॉलंडच्या कॉमेलिन नावाच्या घराण्यावरून, आणि वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनिअसने ते कसं शोभतं ते सांगितलं. त्या घराण्यात दोघे वनस्पतिशास्त्रात नावाजलेले होते आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला. या फुलाला दोन पाकळ्या ठसठशीत आणि तिसरी लहान, दुर्लक्षित. म्हणून हे नाव त्या घराला शोभतं, असं तो म्हणाला. बेंघालेन्सिस म्हणजे बंगालचा. म्हणजे ज्या नावामुळे तुला खाली पाहावं लागलं, तेही कुणाच्या तरी घरावरून आणि कुणाच्या तरी मुलखावरूनच पडलेलं आहे. ते नाव जगभर चालतं म्हणून ते शिकायचं, नीट शिकायचं, स्पेलिंगसकट. पण त्यासाठी केना विसरायची गरज नाही. तुझ्या वहीत दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिही. अहिराणीत आणखी वेगळं काही म्हणत असतील तर तेही.

मी हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. मीही खानदेशातलीच, अमळनेर तालुक्यातली. १९८९ साली एम.एस्सी.साठी नाशिकला आले आणि जुन्या नाशकात तिवंध्याजवळ एका वाड्यात खोली घेऊन राहिले. पहिले तीन महिने मी तू करतेस तेच केलं, मान हलवली. समजलं नाही तरी हलवली. त्याचा हिशेब पुढे हर्बेरियमच्या वेळी चुकता झाला.

आम्हाला दिवाळीआधी वीस वनस्पती वाळवून, शीटवर चिकटवून द्यायच्या होत्या. सरांनी पद्धत सांगितली ती इंग्रजीत आणि भरभर. मला त्यातलं एवढंच कळलं की वर्तमानपत्राच्या घड्यांत झाड पसरायचं आणि वर वजन ठेवायचं. मी ते केलं. वीसच्या वीस झाडं एका गठ्ठ्यात बांधली, कॉटखाली सरकवली आणि निश्चिंत झाले. पंधरा दिवसांनी गठ्ठा उघडला तर कुबट वास आला. टाकळ्याची पानं काळी पडून कागदाला चिकटली होती. कुर्डूच्या तुऱ्यावर पांढरी बुरशी कापसासारखी पसरली होती. एकही शीट द्यायच्या लायकीची नव्हती आणि पाऊस तर संपत आला होता.

तो गठ्ठा घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. तिथे प्रयोगशाळेतले मामा होते, पांढरी टोपी, खाकी शर्ट. त्यांनी एक घडी उघडली, नाकाशी नेली आणि विचारलं, “कागद कितीदा बदलले?” मी म्हटलं, “बदलायचे असतात?” ते हसले नाहीत. टेबलावर जागा केली, बाहेरून एक आघाड्याची फांदी तोडून आणली आणि करूनच दाखवलं. पानं एकावर एक येऊ द्यायची नाहीत. एखादं पान उलटं ठेवायचं, म्हणजे शीटवर मागची बाजूही दिसते. फांदी लांब असेल तर इंग्रजी व्हीसारखी किंवा एनसारखी मोडून बसवायची, कारण शीट असते साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटर. आणि पावसाळ्यात पहिले आठ दिवस कागद रोज बदलायचा. रोज म्हणजे रोज. ओले कागद फेकायचे नाहीत, वाळवून परत वापरायचे.

एवढे कागद आणायचे कुठून? वाड्याच्या मालकीणबाईंना, आम्ही त्यांना आजी म्हणायचो, रद्दी मागायला गेले. तोवर भाडं द्यायच्या दिवसाखेरीज मी त्यांच्याशी बोललेही नव्हते. त्यांनी वर्षाची रद्दी काढून दिली, माजघरात दोरी बांधून दिली आणि ओले कागद वाळत घालायला स्वतः उभ्या राहिल्या. वजनाला त्यांचा जुना पाटा दिला. मग रोज संध्याकाळी कागद बदलताना “हे कोणतं गं झाड?” असं सुरू झालं आणि त्यांनीच मला आघाड्याचे, केन्याचे, माठाचे दहा-बारा उपयोग सांगितले. माझी नाशिकमधली पहिली ओळख ही अशी, रद्दी मागायला गेले म्हणून झाली.

तर पोरी, मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे. प्रश्न विचार. आत्ता विचार. पहिले दोन महिने विचारण्याची काही किंमत मोजावी लागत नाही. नवीन मुलगी आहे, बाहेरगावची आहे, तिला माहीत नसणारच असं सगळे धरून चालतात. हेच तू जानेवारीत विचारलंस तर समोरचा म्हणेल, “एवढे दिवस काय करत होतीस?” मी तीन महिने गप्प बसून ती सवलत घालवली होती.

विचारायचं तेही वर्गात हात वर करून असं नाही. तास संपल्यावर सरांच्या मागे दोन पावलं जा आणि वही पुढे करून “सर, ही ओळ कळली नाही” एवढंच म्हण. बावीस जणांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येकाचा चेहरा माहीत असतो, आणि वही घेऊन येणारा चेहरा तो विसरत नाही. त्याच सरांकडे जा, जे हसले होते. आणि तुमच्या प्रयोगशाळेत जे कुणी मामा किंवा मावशी असतील, त्यांची ओळख करून घे. कोणता सूक्ष्मदर्शक नीट चालतो, मागच्या वर्षीच्या चांगल्या शीट्स कुठल्या कपाटात आहेत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

सेमिनारचं. विषय तुलाच निवडायचा आहे ना? मग केनाच घे. खरंच सांगते. केना जमिनीच्या वर निळा फुलतो, सकाळी उमलतो आणि दुपारी मिटून जातो, हे तू पाहिलंच आहेस. पण तो जमिनीखालीही फुलतो. मातीत जाणाऱ्या पांढुरक्या फांद्यांवर त्याला न उमलणारी फुलं येतात. ती मिटल्या मिटल्याच स्वपरागण करतात, म्हणजे स्वतःच्याच परागांनी फळतात, आणि मातीतच बी धरतात. याला क्लिस्टोगॅमी म्हणतात आणि केना हे त्याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे. शिवाय तुटलेल्या कांडीला पेरापाशी मुळं फुटतात. निंदून बांधावर टाकलेला केना पावसाची एक सर आली की परत उभा राहतो, तो यामुळे. तुझ्या आईला फोनवर विचार, केना कितीदा निंदावा लागतो, उपटून कुठे टाकतात, कापसात जास्त की ज्वारीत. ती जे सांगेल ते तुझं निरीक्षण म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत मांड. वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडे ते नसणार.

इंग्रजीची भीती कमी करायला एक उपाय सांगते, तो वनस्पतिशास्त्रापुरताच चालतो. आपल्या विषयाचं इंग्रजी ठरलेल्या क्रमाने जातं. झाडाची ठेवण, मूळ, खोड, पान, फुलोरा, फूल, मग निदलपुंज, दलपुंज, पुंकेसर, स्त्रीकेसर, शेवटी फळ. या क्रमाने बोलत गेलीस तर वाक्यं चार-पाच शब्दांचीच लागतात आणि क्रियापदं फार थोडी. आधी सगळं मराठीत लिहून काढ, म्हणजे तुला काय म्हणायचंय ते तुलाच कळेल. मग इंग्रजी कर. आकृती फळ्यावर स्वतः काढ. खडू हातात असला की हात थरथरत नाहीत आणि ऐकणाऱ्यांची नजर तुझ्यावरून फळ्यावर जाते. खोलीतल्या त्या दोघींना एकदा समोर बसवून बोलून दाखव. इंजिनिअरिंगच्या मुलींना जे समजेल ते वर्गाला समजेलच, आणि हेडफोन निघायलाही एक कारण होईल.

अभ्यासक्रमाबद्दल थोडं, कारण हे कुणी समजावून सांगत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता एका सत्राला २२ श्रेयांक (क्रेडिट) असतात, वर्षाला ४४. पहिल्या सत्रातच संशोधन पद्धती हा विषय येतो, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रकार्य, आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्प. म्हणजे दुसऱ्या वर्षी तुला एक स्वतःचा प्रश्न आणि स्वतःची जागा लागणार. शहरातली मुलं तेव्हा जागा शोधत फिरतात. तुझ्याकडे चार एकर कापूस आहे, उत्तरेला सातपुडा आहे, खाली तापीचा काठ आहे. दिवाळीच्या सुट्टीत शेतात जाशील तेव्हा कोणतं तण कुठे आहे ते नुसतं लिहून ठेव. पुढे ते कामाला येईल.

आता शहराचं. तू पाच आठवड्यांत गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि खोली एवढंच पाहिलं असणार, पत्रावरून तसं दिसतं. बुधवारी तास लवकर संपत असेल तर गंगेवर जा. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. तिथे आठवड्याचा बाजार भरतो. या दिवसांत पेठ, हरसूल, त्र्यंबकच्या भागातल्या बाया रानभाज्या घेऊन येतात. करटुली, फांग, कवळी, आणि अशा काही पालेभाज्या ज्यांची नावं गावागणिक बदलतात. वही घेऊन जा, पण आधी एक जुडी विकत घे आणि मग विचार, “मावशी, हिला तुमच्याकडे काय म्हणतात?” तिथे तुझी भाषा ऐकून कुणी हसणार नाही. नाशिकमध्ये कळवण, सटाणा, मालेगावकडची माणसं भरपूर आहेत, एखादी बाई अहिराणीतच उत्तर देईल.

तिथेच नदीपात्रात दुतोंड्या मारुती आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक विचारतं, पाणी मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. त्यावरून पुराचा अंदाज. पहिल्या वर्षी मला याचं काही वाटलं नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात आजींनी सकाळी मला उठवून विचारलं, “जाऊन बघून येतेस का गं, कुठवर आलंय?” आणि मी छत्री घेऊन पळत गेले.

वाचायला जागा हवी असेल, तर १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय या गावात आहे. खोलीत रडण्यापेक्षा तिथे बसून रड, असं मी म्हणणार नाही. रडू येतं तेव्हा येऊ दे. पण संध्याकाळी दोन तास खोलीबाहेर, माणसांत बसलीस तर रात्र लहान होते, हा माझा अनुभव आहे.

वर्गाची सहल अंजनेरीला जाईल. नाही गेली तर तूच दोघी-तिघींना तयार कर. त्र्यंबक रस्त्यावर आहे, लांब नाही. तिथे कंदील-खर्चुडीची एक जात सापडते, सेरोपेजिया अंजनेरिका, जिला त्या डोंगराचंच नाव मिळालं आहे आणि जी अगदी दुर्मीळ आहे. दिसली तर फोटो काढ, हात लावू नकोस. हर्बेरियमसाठी रस्त्याकडेची एकदांडी घे, आघाडा घे, दुर्मीळ झाड कधीच घेऊ नकोस.

पैशांचं. रविवारच्या मिसळीला महिन्यातून एकदा जा आणि बाकीच्या वेळी “या वेळी जमणार नाही, पैसे नाहीत” असं सरळ सांग. “अभ्यास आहे” म्हणालीस की ते तुला शिष्ट समजतात, आणि चौथ्यांदा विचारत नाहीत. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला नसशील तर याच आठवड्यात कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जाऊन तुला कोणती लागू होते ते विचार, उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेव. घरी जायचं तर मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा महिन्याला एक फेरी परवडू शकेल. दोनशे किलोमीटर म्हणजे फार नाही, शुक्रवारी संध्याकाळी निघालीस तर रात्री घरी पोचशील.

आईला मात्र एकदा खरं सांग. रोज नको, एकदा. “माय, माले आठे करमत नही,” एवढं म्हण. तिला ते ऐकून त्रास होईल, पण रोजच्या “बरी शे”मधला खोटा आवाज तिला आत्ताच कळत असणार. बाईच्या कानाला कळतो तो. मी माझ्या आईला वर्षभर सांगितलं नाही. तेव्हा फोनही नव्हता, पत्रात “येथील सर्व क्षेम” लिहायचे. तिने ते कधीच खरं मानलं नव्हतं, हे मला तिच्या शेवटच्या आजारपणात कळलं.

परत जावं का? जळगाव, धुळे कमी प्रतीचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही, तिथे उत्तम शिक्षक आहेत. पैशांची ओढाताण सोसेनाशी झाली, तब्येत ढासळली, किंवा कुणी मुद्दाम अपमान करत राहिलं, तर जरूर जा, त्यात हार नाही. पण वर्ग एकदा हसला एवढ्यासाठी जाऊ नकोस. आणि हा निर्णय सेमिनारच्या आधी घेऊ नकोस. पातळीचं विचारतेस, तर ट्रेमधलं झाड एका क्षणात ओळखणारी मुलगी माझ्या वर्गात असती तर मी तिला पहिल्या बाकावर बसवली असती.

पोळ्याला घरी जाणार असशील, तर येताना केन्याची दोन-तीन जुनी रोपं खणून आण. उपटू नकोस, खुरप्याने खालची माती धरून काढ आणि ओल्या गोणपाटात गुंडाळ. नाशिकला आलीस की मामांकडून एक ट्रे माग, मुळांची माती हलक्या हाताने पाण्यात सोडव. पांढुरक्या फांद्यांवर मिटलेली फुलं असतील, कुठे बीही धरलेलं असेल. एक फूल सुईने उघडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेव. आणि सर तिथे असतील तर त्यांना हाक मार, “सर, केना बघायला येता का?”